ताटलीला लागलेली हळद

कोन गावात गेली दोन वर्षं एक गोष्ट पक्की मानली जात होती. कुमुद घरतकडे गुडघ्याची पुडी आहे आणि ती गाववाल्यांना देत नाही.

पुरावा भक्कम होता. कुमुद एकतीस वर्षं पनवेलच्या सरकारी दवाखान्यात कंपाउंडर होती, म्हणजे औषधातलं तिला कळतं. निवृत्त झाल्यावर ती गावाबाहेर डोंगराच्या कुशीत असलेल्या रायफल क्लबच्या मागच्या खोलीत आठवड्यातून तीन दिवस जाऊन बसते. आत गेली की दार लावते, खिडकी लावते आणि भर मे महिन्यात पंखासुद्धा बंद करते. शेजारच्या वेणूबाईंनी एकदा शेळी शोधायच्या निमित्ताने खिडकीच्या फटीतून पाहिलं, तर कुमुद एका चिमुकल्या काट्यावर करडी भुकटी चिमटीचिमटीने टाकत होती, श्वास रोखून. एवढी काळजी माणूस साध्या चूर्णाची घेत नाही. शिवाय ती पुडी न्यायला पनवेलच्या मोहल्ल्यातली जिक्रा नावाची मुलगी स्कूटरवरून येते आणि ताठ चालते. आता एवढं जुळल्यावर आणखी काय पाहिजे? जिक्रा सत्तावीस वर्षांची आहे, ती ताठ चालणारच, हा विचार कोणाच्या मनाला शिवला नाही.

शेवटी वेणूबाईंनीच धीर करून विचारलं. "कुमुदबाय, अर्धा चमचा दे ना गो. मोहल्ल्यातल्या पोरीला देतस, शेजारणीला नाय?"

"खा की," कुमुद म्हणाली. "पन मंग चुलीजवळ बसू नको."

तेव्हा कुठे उलगडा झाला. ती बारूद होती. कुमुद काडतुसं भरत होती.

हे कळल्यावर गावाची निराशाच झाली. बंदुकीचं काय, पनवेलपासून उरणपर्यंत कोणाच्या ना कोणाच्या लग्नात फोटोपुरती निघतेच. गुडघ्याची पुडी मिळाली असती तर दहा घरं सुखी झाली असती.

क्लब रीतसर, परवाना क्लबच्या नावावर, भरणीच्या खोलीची किल्ली हेतलबेनच्या पर्समध्ये, भरायच्या दिवशी तेवढी कुमुदकडे. हेतलबेन क्लबच्या सेक्रेटरी, पनवेलच्या बाजारात त्यांचं ब्लाउजपीसचं दुकान. काडतुसं हाताने कशाला भरायची, विकत मिळत नाहीत का, असं कोणी विचारलं की त्या दुकानातलाच दाखला द्यायच्या. रेडीमेड ब्लाउज सगळ्यांना होतो, पण बसतो कोणाला? तयार काडतूसही तसंच. प्रत्येक रायफलीची आवड वेगळी. हिला एवढी बारूद मानवते, तिला त्याहून चिमूटभर कमी. जवळून मारायचं असेल तर काही बिघडत नाही. पण जिक्रा मारायची सहाशे मीटरवर, पालथी पडून. तिथे चिमटीतल्या चार दाण्यांचा फरकसुद्धा निशाण्याच्या कागदावर चार बोटं होऊन उतरतो.

कुमुदला हे शिकवलं क्लबच्या जुन्या सुभेदारांनी. फौजेत बंदुका दुरुस्त करण्यात त्यांची हयात गेली होती. डोळ्यांत मोतीबिंदू उतरला तेव्हा त्यांनी हेतलबेनला सांगितलं, नेमबाज नको, तोलणारं माणूस शोधा. हेतलबेनला दवाखान्यातली कुमुद आठवली. गर्दीत दहा जण ओरडत असतानाही ती बाटलीवरची रेघ डोळ्यांच्या पातळीवर आणल्याशिवाय औषध ओतायची नाही. म्हातारे चिडायचे, पण ती बधायची नाही.

सुभेदारांनी तिला दोन गोष्टी दिल्या. एक वाक्य: बाजूला गेली ती वाऱ्याची, खाली-वर गेली ती भरणाऱ्याची. आणि एक नियम: दाबून बंद केलेलं काडतूस पुन्हा उघडलं तर ते सरावाला, सामन्याला नाही. उघडताना गोळीला ओरखडा बसतो, पितळी पुंगळीचं तोंड सैल पडतं, मग ते कुठे जाईल याचा भरवसा नाही.

तिसरी गोष्ट कुमुदची स्वतःची. दवाखान्यातून निघताना तिने पाच ग्रॅमचं पितळी वजन मागून घेतलं होतं. दर दहा काडतुसांनंतर ती ते वजन काट्यावर ठेवायची. काटा बरोबर पाच बोलला की शेजारच्या करवंटीत एक चिंचोका टाकायची आणि मग पुढची दहा. वही नाही, मोबाइल नाही. सुभेदार हसले होते, "फौजेत चिंचोके असते तर आम्ही कितीतरी लढाया लवकर जिंकलो असतो."

आता त्या शुक्रवारचं.

रविवारी उत्तरेत निवडीचा सामना होता. लांब पल्ल्याच्या संघात चार जागा. ही निवड दोन वर्षांतून एकदा येते आणि जिक्राच्या रायफलीची नळी झिजत चालली होती. सुभेदार म्हणाले होते, हा एक हंगाम ती धरेल, पुढचा नाही. नवी नळी मागवायची तर परदेशातून, त्याचे कागद निराळे. म्हणजे जायचं तर आत्ताच. त्यात गोळ्यांचं पार्सल बंदरात कागदांत अडकून बसलं. जिक्रा स्वतः द्रोणागिरीच्या एका गोदामात कंटेनरचे कागद बघायची, तरी तिचंच पार्सल अडकलं. ते सुटलं गुरुवारी संध्याकाळी. ऐंशी गोळ्या हाती आल्या. सामन्याला साठ, आधी नेम बसवायला दहा, आणि दहा शिल्लक. गाडी शुक्रवारी रात्री आठची, पनवेलहून.

आणि शुक्रवारीच भावेशची हळद.

भावेश म्हणजे कुमुदच्या धाकट्या दिराचा, कमलाकरचा मुलगा. आगऱ्यांच्या हळदीबद्दल नव्याने काय सांगायचं? लग्न चुकवलेलं चालतं, हळद चुकवलेली चालत नाही. दुपारी दोनपासून मांडवात धवलारीण गात होती आणि तिच्या डोक्यावर डीजे वाजत होता. दोघंही माघार घेत नव्हते. भिंती थरथरत होत्या, क्लबच्या खोलीतलं टेबलही.

कुमुद मात्र सकाळपासून खोलीत होती. हळदीच्या दिवशीच हे काम निघालं याचं गावाला नवल वाटलं, तिला नाही. नवरा जाऊन नऊ वर्षं झाली होती. हळदीला हात लावायचा तो सवाष्णींनी. तिने मागे भांडी विसळायची, मसाला वाटायचा, जेवणाच्या पंगती उठवायच्या. कोणी तिला मागे हो असं कधी म्हटलं नव्हतं, त्याची गरजच नव्हती. ती आपली आपण दोन पावलं मागे असायची. यंदा काम मिळालं होतं, बरंच झालं. पंखा बंद, कपाळावरून घाम, काट्याच्या ताटलीत चिमूट, पुंगळीत बारूद, वर गोळी, दाबली की झालं. दहा झाली की वजन, वजन बरोबर की चिंचोका.

पन्नास झाली. पाचवा चिंचोका करवंटीत पडला आणि बाहेर डीजे थांबला.

कोनमध्ये हळदीच्या दिवशी डीजे थांबला म्हणजे एकतर वीज गेली, नाहीतर कोणीतरी गेलं. कुमुदने कान टवकारले, तेवढ्यात दार वाजलं. कमलाकर उभा होता, नवा सदरा घामाने पाठीला चिकटलेला.

"वैनी, चला."

"कुठं?"

"हळदीला. भावेश पाटावर बसून हाय. बोलतो, पयला हात काकीचा, नायतर लावूनच घेनार नाय."

कुमुदने हातातली पुंगळी खाली ठेवली. "कमलाकर, मी कोन हाय ते ठाऊक हाय ना? सवाष्णी हायत ना धा जनी."

"मी बोललो. आई बोलली. भटजी पन बोलला. भावेश बोलतो, मला ताप यायचा तवा रातभर कपाळावर पट्ट्या कोनी ठेवल्या, त्या धा जनींनी?" कमलाकर खाली बघत म्हणाला, "डीजेवाला पन थांबलाय. म्हंजे बगा."

कुमुदने खोलीला कुलूप लावलं आणि ती गेली. पायात क्लबातली रबरी चप्पल, अंगावर साधी सुती साडी. मांडवात दोनशे माणसं गप्प. धवलारणीने एक दम घेतला आणि पुन्हा गायला सुरुवात केली, यावेळी तिच्यावर कोणी वाजवत नव्हतं. कुमुदने वाटीतली तेलात कालवलेली हळद चिमटीने उचलली आणि पोराच्या गालाला लावली. भावेशने तिचा हात तिथेच धरून ठेवला, आपल्या दोन्ही हातांनी, घट्ट. मागे एक म्हातारी कुजबुजली, ते कुमुदला ऐकू आलं, आणि वेणूबाई त्या म्हातारीला "तुजे दात मोजत बस" म्हणाल्या, तेही ऐकू आलं.

पंचवीस मिनिटांत ती परत खोलीत आली. नळाखाली साबणाने दोनदा हात धुतले. डीजे पुन्हा सुरू झाला, मघाची कसर भरून काढत.

ती खुर्चीवर बसली आणि पुढची पुंगळी घेतली. डोळे सारखे भरून येत होते. नऊ वर्षं जे आलं नव्हतं ते आज येत होतं, आणि नेमकं काट्यासमोर. तिने पदराने डोळे टिपले. ताटली रिकामी असतानाही काट्यावरचा आकडा शून्यावर ठरत नव्हता, जरा वर नाचत होता. ती मनात म्हणाली, डीजे. दुपारपासून नाचतोच आहे. तिने तो सोसला आणि काम पुढे नेलं. एक्कावन्न, बावन्न. गालावर अजून भावेशच्या हातांचा दाब असल्यासारखं वाटत होतं, खरं तर त्याने धरला होता हात, गाल नव्हे. एकोणऐंशी, ऐंशी.

पावणेपाच वाजले होते. तिने काडतुसं डब्यांत लावली, टेबल पुसलं, चिंचोके परत डबीत टाकायला करवंटी उपडी केली.

पाच.

तिने करवंटीत बोट फिरवलं. टेबलाखाली पाहिलं, पदर झटकला. पाचच. आठ हवे होते.

कुमुद सावकाश खाली बसली. मग तिने पितळी वजन काट्यावर ठेवलं. काटा पाचच्या वर बोलला. फार नाही, मोहरीच्या दोन दाण्यांइतकं. तिने वजन काढलं, ताटली उचलली आणि उलटी केली. ताटलीच्या बुडाला, कडेपाशी, एक पिवळी चंद्रकोर होती. तिच्या अंगठ्याच्या नखाची.

तिने नख बघितलं. दोनदा साबण लावूनही नखाखाली हळद होतीच. तेलातली हळद, ती साबणाला कुठे ऐकते. ताटली उचलताना दर वेळी हाच अंगठा खाली असतो.

तिने ताटली स्पिरिटने पुसली. वजन ठेवलं. काटा म्हणाला, पाच. काट्याचा काहीच दोष नव्हता. तो बिचारा सांगत होता, ताटली जड झाली आहे म्हणून. ती त्याला डीजे समजली.

ताटली जड, म्हणजे बारूद तेवढी कमी. पण किती कमी, आणि कोणत्या काडतुसात? ताटली दर खेपेला हातात येते, थोडी हळद लागते, थोडी पुसली जाते. एक्कावन्नाव्याला चार मोहऱ्यांचा फरक असेल, साठाव्याला नसेलही, सत्तराव्याला पुन्हा असेल. बाहेरून तीसच्या तीस सारखी. बंद काडतूस तोलून कळत नाही, कारण पितळी पुंगळ्याच एकमेकींपेक्षा त्याहून जास्त कमी-अधिक असतात. कळायचं तर उघडायला हवं, आणि उघडलं की ते सामन्याला नाही. सुभेदारांचा नियम.

तरी तिने एक उघडलं. बारूद तोलली. कमी. दुसरं उघडलं. बरोबर. तिसरंही बरोबर. तिला वाटलं, संपलं असेल इथेच. चौथं कमी, मघापेक्षा जास्त कमी. पाचवं बरोबर. सहावं एवढं थोडं कमी की त्याला काय म्हणावं कळेना.

उघडलेली सहा टेबलावर ओरखडलेल्या गोळ्यांसकट पडली होती, आणि तिला आधी जेवढं कळत होतं तेवढंच आताही कळत होतं. चोवीस उरली. पन्नास खात्रीची आणि चोवीस बिनखात्रीची, मिळून चौऱ्याहत्तर. लागणार सत्तर. आणखी पाच उघडली तर आकडाच पुरणार नव्हता. कुमुदने हात मांडीवर ठेवले. दवाखान्यात एखादी बाटली चुकली असं वाटलं तर ओतून देता यायची, नवी भरता यायची. इथे ओतायलाही काही नव्हतं आणि भरायलाही.

सहा वाजता हेतलबेन गाडी घेऊन आल्या. जिक्रा मागून येत होती, घरच्यांचा निरोप घेऊन. कुमुदने हेतलबेनना ताटली दाखवली, सहा गोळ्या दाखवल्या, सगळं सांगितलं. हेतलबेन स्टुलावर बसल्या.

"कोणाला माहीत आहे?"

"तुमाला अन् मला."

"मग एक काम करा, कुमुदबेन. काहीच बोलू नका." त्यांनी दाराकडे बघत आवाज उतरवला. "शूटरच्या डोक्यात शंका घातली ना, की ती चोवीसला लागत नाही, सगळ्यांना लागते. चांगल्या पन्नाससुद्धा ती थरथरत मारेल. न बोलून कदाचित एक खाली जाईल. बोलून दहा जातील."

हे खरं होतं, आणि कुमुदला ते कळत होतं. न सांगणं हाच कदाचित औषधाचा भाग. दवाखान्यात तिने कितीदा डॉक्टरांना असं करताना पाहिलं होतं. पण ते डॉक्टर होते. ती बाटलीवर चिठ्ठी लावणारी. एकतीस वर्षांत तिने आत एक आणि चिठ्ठीवर दुसरं असं एकदाही दिलं नव्हतं.

बाहेर स्कूटर थांबली. जिक्रा आत आली, तिने दोघींचे चेहरे पाहिले आणि हेल्मेट काढायचं विसरली.

"काय झालं, मावशी?"

हेतलबेननी मान हलवली, नको म्हणून. कुमुदने ताटली पुढे केली.

"पन्नास चांगल्या हायत. या डब्यात, पांढरा दोरा बांदलाय. या दुसऱ्या डब्यात चोवीस. त्यातल्या काही खाली जातील. किती ते मला ठाऊक नाय, कोनत्या ते पन नाय. माजी चूक हाय."

जिक्राने हेल्मेट काढलं. बाहेर डीजे गाणं बदलत होता.

"किती खाली?"

"चार बोटं. एखादी वीतभर. काही बरोबर मध्ये."

"मी थोडा वरचा नेम धरला तर?"

"कोनती खाली जानार ते ठाऊक असतं तर मीच काडली नसती?"

जिक्रा हसली, पण ते हसणं अर्ध्यातच राहिलं. तिने ताटली हातात घेतली, कडेचा पिवळा डाग आता नव्हता, तरी ती तिथेच बघत होती. "मावशी, हळद नवऱ्याला लावायची असते. तुम्ही माझ्या बंदुकीला लावलीत."

"दोगांना लावली," कुमुद म्हणाली.

"मुबारक हो भावेशला." तिने दोन्ही डबे पिशवीत ठेवले. "नेम बसवायला दहा चांगल्या घेते, नाहीतर नेमच चुकीचा बसेल. मग चाळीस चांगल्या. आखरीच्या वीस अल्लाच्या हवाली."

हेतलबेन गाडीत बसताना कुमुदकडे न बघता म्हणाल्या, "सांगितलंत ना, आता झोपा शांत." त्यात टोमणा होता की नाही, कुमुदला ठरवता आलं नाही. तिने खोली झाडली आणि हळदीच्या पंगती उठवायला गेली. तिथे सगळ्यांनी तिला पुढे बसवलं. मटणाची वाटी समोर आली, तिने ती तशीच शेजारणीकडे सरकवली.

शनिवारी लग्न लागलं. रविवारी सकाळी घरात नवी नवरी, दारात चपलांचा ढीग, आणि कुमुद ओट्यापाशी मोबाइल पिठाच्या डब्याला टेकवून उभी. हेतलबेन तिथून निरोप पाठवत होत्या. वेणूबाई निवडायला मेथी घेऊन आल्या होत्या आणि मेथीला हात लावत नव्हत्या.

पहिल्या वीसनंतर जिक्रा सहावी. चाळीसनंतर तिसरी.

"तिसरी म्हंजे संघात ना?" वेणूबाईंनी विचारलं.

"चार घेतात."

"मंग झालं की. तोंड असं काय केलंस?"

कुमुद मोबाइलकडेच बघत होती. जिक्राने आता दुसरा डबा उघडला असेल. दोऱ्याशिवायचा. इथून तिथे काहीही पोचत नव्हतं, हात नाही, हाक नाही, दुरुस्ती नाही. तिचं काम तिने शुक्रवारी पावणेपाचलाच संपवलं होतं, जे काय केलं होतं ते त्या पितळेत बंद होतं आणि आता एकेक करून उघडत होतं, तेही कायमचं. तिने गॅस लावला, बंद केला. नवी नवरी दारात येऊन म्हणाली, "काकी, मी करू का चहा?" आणि तिला कोणी ऐकलं नाही.

पन्नासनंतर अजून तिसरी. दहा नीट गेल्या होत्या. कुमुद पहिल्यांदा पाटावर बसली.

मग बराच वेळ मोबाइल काही बोलला नाही. कमलाकर येऊन उभा राहिला. त्याला सगळी हकिगत कळली होती. गावात कळायचं काय राहतं. दोन दिवस तो, आपण बोलवायला गेलो नसतो तर, असं मनात घोळवत फिरत होता, आणि ते ओठांवर आणायची त्याची हिंमत होत नव्हती.

निरोप आला तेव्हा दुपारचे बारा वाजत होते. जिक्रा पाचवी. चौथ्या मुलीपेक्षा एका गुणाने कमी. त्रेपन्नाव्या गोळीला फक्त सात मिळाले होते, बाकी सगळं ठीक.

मग आमच्या कोनने जे केलं ते कोनच करू जाणे. संध्याकाळपर्यंत गावात प्रत्येकाला नेमबाजी कळू लागली होती. उत्तरेत वारा फार, म्हणे. तिकडची हवा कोरडी, आपल्या खारट हवेत भरलेलं काडतूस तिथे रुसतं. गाडीतलं जेवण बाधलं असेल. ऊन डोळ्यावर आलं असेल. धवलारणीने तर सांगून टाकलं की मुलीची नजर काढली नव्हती, मोहल्ल्यात काढत नाहीत का? सगळे एकेक कारण आणत होते आणि कुमुदच्या ओट्यावर ठेवून जात होते, जसे सुतकात लोक जेवणाचे डबे आणतात. ती सगळ्यांना हं म्हणत होती. भावेश नव्या बायकोला घेऊन आला, पाया पडला आणि उठायलाच तयार होईना. तिने त्याला धरून उठवलं. "तुजं काय चुकलं रे? तू तर मला पुढं बसवलंस." एवढंच बोलली. हे ऐकून तो अधिकच रडवेला झाला.

चार दिवस कुमुद क्लबाकडे फिरकली नाही. किल्ली हेतलबेनकडेच होती, त्यांनीही विचारलं नाही. वेणूबाई रोज येऊन गुडघे चोळत बसायच्या आणि तिला बोलतं करायला काहीबाही काढायच्या. "मी बोलते, ती पुडी खरंच गुडघ्याची असती तर बरं झालं असतं. चार मोहऱ्या कमी पडल्या असत्या तर मी थोडं लंगडले असते, दुसरं काय?" कुमुद त्यालाही हसली नाही. अंगठ्याच्या नखातली हळद गेली होती, तरी ती नख कोरत असायची.

गुरुवारी दुपारी जिक्रा आली. अब्बांनी कुवेतहून पाठवलेल्या खजुरांचा डबा तिने ओट्यावर ठेवला, नव्या नवरीला सलाम केला, वेणूबाईंनी तिचं चालणं नीट पाहून घेतलं. चेहरा उन्हाने रापला होता. ती कुमुदच्या समोर खाली बसली.

"मावशी, तुम्ही खोलीत येत नाही म्हणे."

"काय करू येऊन?"

"पुढच्या महिन्यात जिल्ह्याचे सामने आहेत. नळी आहे तेवढी मारून घेते. भरणार कोण?"

कुमुद नख कोरत राहिली. जिक्राने वेणूबाईंकडे पाहिलं, कमलाकरकडे पाहिलं. तो दारातच उभा होता. मग ती अगदी सहज म्हणाली, जसं वाटेत सुचलं असावं, "त्या त्रेपन्नाव्याचं तुम्ही मनाला लावून घेऊ नका. तुमच्या वीसच्या वीस बरोबर होत्या. हवा थी. एकदम उठली, मला वाऱ्याचा झेंडा दिसलाच नाही. मीच चुकले."

दारातून कमलाकरचा सुस्कारा ऐकू आला. वेणूबाई म्हणाल्या, "बगितलंस? मी पयल्या दिवसापासून वारा वारा बोलते."

कुमुदने हात पुढे केला. "कागद आनलास?"

"कसला?"

"निशान्याचा. देतात ना ते छापून, सगळ्यांना देतात."

जिक्राने आधी नाही म्हटलं. मग पिशवीत हात घातला, थांबली, आणि घडी केलेला कागद काढून दिला. कुमुदने चष्मा लावला. कागद उजेडाकडे धरला, मग डोळ्यांच्या पातळीवर आणला, बाटलीवरची रेघ बघायची तसा. मध्ये ठिपक्यांचा दाट पुंजका होता, आणि एकच ठिपका सुटा, पुंजक्याच्या बरोबर खाली, ना डावीकडे ना उजवीकडे. सगळे तिच्या तोंडाकडे बघत होते. तिने कागदाची घडी घातली, होती तशीच, आणि जिक्राच्या हातात परत दिली.

"वारा बाजूला नेतो, पोरी. ही सरळ खाली आलीय. माजी हाय ती, वाऱ्याला देऊ नको."